आखूड लवेचा गालिचा

टाचेकाकांना त्यांचं खरं नाव विचारील असा माणूस आता गल्लीत उरला नव्हता, आणि कुणी विचारलंच असतं तर त्यांनाही ते आठवायला क्षणभर वेळ लागला असता. चपला-बूट शिवण्यात आणि दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती, आणि तेवढ्या काळात एक खोड अंगात अशी मुरली होती की समोर माणूस आला की आधी त्याची टाच बघायची आणि सवड झालीच तर मग तोंड. टाच बाहेरून झिजली की कंबर बोलते, आतून झिजली की गुडघा बोलतो, असं ते म्हणत आणि ते सहसा खरं निघे. एकदा एका वकिलाचे बूट परत देताना ते सहज बोलून गेले की साहेब, पायऱ्या चढताना दर वेळी थबकता तुम्ही, मनातून नकोच आहे का ते काम? त्यानंतर वकीलसाहेबांनी बूट दुसरीकडे टाकायला सुरुवात केली. काकूंनी ही गोष्ट ऐकली तेव्हा त्या पोट धरून हसल्या होत्या. "तुमच्या तोंडाला एक टाका घाला आधी," असं त्या म्हणाल्या होत्या.

काकू म्हणजे त्यांची बायको. या दोघांचं घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दार उघडलं की आधी एक चिंचोळा बोळ लागे, डाव्या हाताला चपलांची मांडणी, उजवीकडे नुसती भिंत, आणि खाली एक गुळगुळीत फिकट फरशी, जी घर घेताना दोघांना फार आवडली होती. त्याच फरशीवर गेल्या वर्षी काकू पडल्या. स्वतःच पुसून घेतलेली ओली फरशी, हातात भाजीची पिशवी, आणि नेहमीसारखी घाई, कारण काकूंना सावकाश चालणं ठाऊकच नव्हतं. त्या जिन्यातून येत तेव्हा खालच्या मजल्यावर कळे की आल्या. एक पाऊल दारात पडलं आणि दुसरं पडायच्या आत त्या आडव्या झाल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. तीन महिने अंथरुणात गेले, पुढचे तीन काठीत गेले, आणि नंतर काठी सुटली तरी डावा पाय जरा ओढत चालणं राहिलंच. पडून राहून तो पाय सुकलाही होता. टाचेकाकांनी तिच्या पावलाचं नवं माप घेतलं तेव्हा डावं पाऊल चांगलं बोटभर अरुंद भरलं. ते माप त्यांनी वहीत लिहिलं, आणि मग बराच वेळ हातातली पेन्सिल तासत बसले.

मापावरून त्यांनी तिच्यासाठी नवा फर्मा केला. फर्मा म्हणजे पावलाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, ज्याच्यावर कातडं ताणून चप्पल किंवा बूट बेततात. काकूंचा जुना फर्मा लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी केलेला होता, हाताळून हाताळून मधासारखा पिवळा झालेला. तो आता बिनकामाचा होता, पण टाकवेना. त्यांनी तो नव्याच्या शेजारीच फळीवर ठेवला.

काकू मात्र या सगळ्याचं काही मनाला लावून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. "निम्मी मी दाराबाहेरच राहिलेय," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पडले तेव्हा आत आली ती एवढीच. बाकीची येईल सवडीने." लोक हसत. टाचेकाकाही हसत. सकाळी नऊला ते दुकानात जात ते संध्याकाळी सहाला परत येत, आणि मधले नऊ तास काकू एकट्या असत, त्या बोळासह आणि त्या फरशीसह. पुन्हा पडली तर? हा एक प्रश्न त्यांच्या डोक्यात दिवसभर टाक टाक वाजत राही. सोबतीला बाई ठेवणं परवडण्यासारखं नव्हतं, आणि काकूंनी ठेवूही दिली नसती. हातात होतं ते एवढंच की दारात काहीतरी असं अंथरायचं, जे सरकणार नाही, दुमडणार नाही, आणि तिच्या ओढत्या पायाला अडणार नाही.

गालिचा घ्यायचा ठरल्यावर टाचेकाकांनी तो मुलीला स्थळ बघावं तसा शोधला. सलग तीन रविवार त्यांनी दुकानं पालथी घातली. खिशात एक सोलच्या कातड्याची चकती असे, त्यांनी दार आणि फरशी यांच्या फटीत घालून, तासून तासून बरोबर त्या फटीएवढी केलेली. गालिचा त्या चकतीपेक्षा जाड असला की दार त्याच्यावर अडकणार, मग तो कितीही मऊ असो, नको म्हणजे नको. काथ्याचं जाजम त्यांनी तळहाताने घासून पाहिलं आणि हाताला चिकटलेली कुसळं दुकानदाराला दाखवून परत ठेवलं. तागाचं छान होतं आणि स्वस्तही होतं, पण ओल धरणार आणि वर्षात कुजणार. सुती सतरंजी हलकी, पायाखालून पळणारी. एका दुकानात मोठमोठ्या केसांचा एक पांढरा गालिचा होता, त्याच्याकडे तर त्यांनी मेंढी घरात शिरल्यासारखं पाहिलं.

तिसऱ्या रविवारी काकूही बरोबर होत्या. दुकानदार एक गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस होता, आणि त्याने टाचेकाकांना गालिच्याची कड दुमडून विणीत नख घालताना पाहिलं तेव्हाच ओळखलं की हे गिऱ्हाईक बोलण्याला भुलायचं नाही. त्याने मागून एक गुंडाळी आणली. एका कचेरीच्या लांबलचक बोळासाठी विणलेल्या गालिच्याचा उरलेला तुकडा, रंग ओल्या मातीसारखा, लव आखूड आणि दाट, मागे रबर. रंग कुणाला आवडत नाही म्हणून पडून होता आणि म्हणून स्वस्त होता.

"कचेरीत रोज हजार पावलं पडतात," दुकानदार म्हणाला, "तुमच्याकडे किती? दोघांची. दहा वर्षं हलणार नाही जागचा."

टाचेकाकांनी चकती काढून लावली. बरोबर बसली. त्यांनी लवेवरून हात फिरवला तर एका बाजूने ती फिकी दिसली आणि उलट बाजूने गडद, कमावलेल्या मऊ कातड्यावर दिसते तशी.

"पावलं उमटतील यावर," दुकानदार म्हणाला. "पण ब्रश मारला की जातात. तेवढं सोडलं तर खोट नाही काही."

"ती खोट नव्हे," टाचेकाका म्हणाले, आणि काकू तोंडाला पदर लावून हसल्या, कारण आता नवऱ्याला घरीही टाचा वाचायला मिळणार हे त्यांना कळून चुकलं होतं.

गालिचा अंथरला आणि घराला खरोखर स्वस्थता आली. काकूंचा पाय त्याच्यावर घट्ट बसे. आठवड्याभरात त्या भिंतीचा आधार न घेता बोळातून जाऊ-येऊ लागल्या, पंधरवड्यात खालच्या वाण्याकडून एकट्या सामान आणू लागल्या. टाचेकाकांच्या डोक्यातली ती टाक टाक थांबली. संध्याकाळी घरी आलं की ते दारातच उकिडवे बसत आणि दिवसभराचा गालिचा वाचत. ही आपली सकाळची पावलं, बाहेर जाणारी, टाचेवर जड. ही काकूंची, एक पाऊल गोल आणि एक लवेतून फणी ओढल्यासारखं लांब. अकराला बाहेर गेलीस, थोड्याच वेळात आलीस, आणि येताना हातात जड पिशवी होती, उजव्या हातात. काकू आतून चहा टाकता टाकता "बरोबर" म्हणत, किंवा "चूक, डाव्या" म्हणत, आणि मग ते ब्रशने लव उभी करून ठेवत. असं सुख त्यांना फार वर्षांत लाभलं नव्हतं, आणि ते त्यांनी दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकांना बोलूनही दाखवलं.

तिसरं पाऊल दिसलं ते चौथ्या महिन्यात.

ते आत येणारं होतं. टाच हलकी, चवडा जोरकस, बोटं किंचित बाहेर वळलेली, आणि दोन पावलांमधलं अंतर घाईच्या माणसाचं. टाचेकाकांना वाटलं शेजारीण येऊन गेली असेल. पण शेजारणीचं पाऊल पसरट होतं, ते त्यांना पंधरा वर्षं ठाऊक होतं. बरं, जी कोणी आली ती परत कशी गेली? सगळी पावलं आत तोंड करून होती, बाहेर तोंड केलेलं एकही नव्हतं.  त्यांनी लव उभी केली, हात धुतले, चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी ती पावलं पुन्हा होती, आणि पुन्हा आतच येणारी. तिसऱ्या दिवशीही. टाचेकाकांनी चष्मा पुसून पाहिलं, बोटाने लांबी मोजली, आणि मग त्यांनी बोट काढून घेतलं, कारण मोजायची गरजच नव्हती. आपण शिवलेला टाका जसा माणूस हजारांत ओळखतो तसं ते पाऊल त्यांनी ओळखलं होतं. फळीवरचा तो मधासारखा पिवळा फर्मा आणि हे पाऊल यांत केसाचाही फरक नव्हता. काकू पडायच्या आधी अशाच चालत.

त्या वेळी काकू आत ओट्यापासून डावा पाय ओढत डब्यांच्या फळीकडे जात होत्या. तो आवाज टाचेकाकांना स्वच्छ ऐकू येत होता.

विचारावं असं त्यांच्या मनात दहादा आलं. पण काय विचारायचं? अगं, तू मी नसताना नीट चालतेस का, असं विचारलं तर पस्तीस वर्षांच्या संसारात बायको दुखण्याचं सोंग करते असं म्हटल्यासारखं झालं असतं, आणि तिचा सुकलेला पाय तर त्यांनी स्वतःच्या हातात धरून मोजला होता. दुसरं काही विचारायचं तर त्याला शब्दच नव्हते. झाकली मूठ बरी, असं म्हणून ते रोज संध्याकाळी ब्रश मारत राहिले.

मग एकदा जिन्यात शेजारीण भेटली. "काका, काकू किती भराभर चालायला लागल्या," ती कौतुकाने म्हणाली. "काल दुपारी मी हाक मारली तर थांबल्यासुद्धा नाहीत, तशाच वर गेल्या. पहिल्यासारख्याच." टाचेकाकांनी हो हो म्हटलं. काल दुपारी काकू घराबाहेर पडल्याच नव्हत्या. पाय दुखतो म्हणून झोपून होत्या, आणि गालिच्यावर त्यांचं एकही पाऊल नव्हतं.

याच सुमारास त्यांच्या हातून ती चूक झाली. काकूंची चप्पल जुनी झाली होती म्हणून त्यांनी नवी करायला घेतली. चांगलं मऊ तपकिरी कातडं निवडलं, एक संध्याकाळ खर्चून ती बेतली, शिवली, टाचेला चकाकी आणली, आणि घरी आणून काकूंच्या पायात घालायला गेले तर डावी चप्पल पायात खुळखुळू लागली. हात सवयीने जुन्या फर्म्याकडे गेला होता. चाळीस वर्षांत त्यांनी असली चूक कधी केली नव्हती, आणि त्यांचे कान तापले.

"ही कुणाला शिवलीत?" काकू हसून म्हणाल्या.

"विकून टाकतो. त्याच कातड्यातून दुसरी करून देतो तुला."

"विकता कशाला? राहू दे मांडणीत." त्यांनी ती चप्पल हातात घेऊन उलटसुलट पाहिली, आणि फार मायेने, पाहुण्याचा पाट मांडावा तशी, मांडणीत दाराजवळ नीट ठेवली. "घालील की कोणीतरी."

दुसरी जोडी त्यांनी नव्या फर्म्यावर केली आणि ती काकूंना चपखल बसली. पहिली मांडणीतच राहिली. तीन आठवड्यांनी एका रविवारी धूळ झटकायच्या निमित्ताने टाचेकाकांनी तिचा तळ उलटा करून पाहिला. चवड्याखाली कातडं गुळगुळीत झालं होतं, टाच मात्र जवळजवळ कोरी होती, घाईने चालणाऱ्या माणसाची असते तशी. त्यांनी चप्पल होती तशी ठेवून दिली. बाहेर छान ऊन होतं, काकू खिडकीशी बसून मटार सोलत होत्या आणि गुणगुणत होत्या. पडल्यापासून त्यांचं गुणगुणणं बंद झालं होतं, ते कधी परत सुरू झालं हे टाचेकाकांना आठवेना.

"पडणार होते मी परवा," काकू मटारांवरून नजर न काढता म्हणाल्या. "इथेच, बोळात. गरगरलं एकदम."

टाचेकाकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "मग? भिंतीला धरलंस का?"

"मी नाही धरलं," काकू म्हणाल्या, आणि एक किडका दाणा निवडून बाजूला टाकला.

 टाचेकाकांना भीती वाटायला हवी होती आणि तशी ती वाटलीही, मानेवरून एक थंड बोट फिरावं इतकी. पण तिच्या मागोमाग जे आलं ते मात्र समाधान होतं, खोटं कशाला बोला. नऊ तासांचा तो प्रश्न आता सुटला होता. तिला कोणीतरी धरत होतं. देणाऱ्याचे हात मोजू नयेत, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि ते मटार सोलायला बसले. त्या संध्याकाळपासून त्यांनी गालिच्यावर ब्रश मारणं सोडून दिलं.

दिवस मजेत चालले. काकूंच्या चेहऱ्यावर तेज आलं, गप्पा वाढल्या, घरात दोन माणसं वावरतायत असं वाटावं इतकी कामं दुपारच्या आत उरकलेली असत. गालिचा दुकानदाराने सांगितल्यासारखा दणकट निघाला, कड सुटली नाही, रबर सरकलं नाही. एवढंच झालं की काकूंचं पाऊल त्याच्यावर पूर्वीसारखं उमटेनासं झालं. ती फणी ओढल्यासारखी रेघ दिवसेंदिवस पुसट होत गेली, आणि एका संध्याकाळी तर ती आहे की नाही हे बघायला टाचेकाकांना दिवा खाली आणावा लागला. तो घाईचा ठसा मात्र गडद होता, लवेत चांगला रुतणारा.

"वजन उतरलंय माझं," काकू म्हणाल्या. "बरंच आहे. खुब्यावर भार नको."

तेही पटण्यासारखं होतं, आणि त्यांनी ते पटवून घेतलं.

पुढच्या रविवारी सकाळी काकू दोन्ही जोड्या हातात घेऊन त्यांच्यापुढे येऊन बसल्या. येताना पाय ओढल्याचा आवाज आला नाही, इतकं त्यांचं चालणं हलकं झालं होतं. चेहरा मात्र असा निवांत की बघत राहावं. त्यांनी डाव्या पायांच्या दोन चपला निवडून त्यांच्या मांडीवर ठेवल्या.

"तेवढं करून देता का? माझी डावी फार सैल पडायला लागलीय. आणि तिची घट्ट होते."

टाचेकाकांनी तिच्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं, आणि चहा टाकते म्हणून ती उठून गेली. त्या दोघांत या विषयावर झालेलं बोलणं एवढंच.

त्यांनी हत्यारांची पेटी उघडली. अशा वेळी हातांना काम असलं की बरं असतं, आणि हे काम तर त्यांना डोळे मिटून येण्यासारखं होतं. काकूंच्या चपलेचा पट्टा त्यांनी उसवला, पायाच्या मापाने दुमडून खूण केली आणि रापीने जास्तीचं कातडं कापून काढलं. बोटभर रुंदीचा तुकडा निघाला. मग दुसरी चप्पल घेतली, तिचा पट्टा मधोमध उसवला, आणि वाढवायला किती कातडं लागेल ते मोजलं.

स्वयंपाकघरात दोन कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला, आणि थोड्या वेळाने तिसऱ्याचा.

दोन्ही जोड्या एकाच कातड्यातून कापलेल्या होत्या, तेव्हा रंगाचा प्रश्न नव्हता. त्यांनी तो काढलेला तुकडा मांडीवरून उचलला आणि दुसऱ्या पट्ट्याच्या फटीत धरून पाहिला. तासावा लागला नाही. बरोबर बसला.